चार माग आणि एक कॅमेरा

दुकानदार आदर्शने तिसऱ्यांदा कॅमेरा नागराजच्या हातात दिला आणि तिसऱ्यांदा सौम्याने तो भावाच्या हातातून काढून घेतला.

"सर, ह्याचा स्क्रीन बाहेर वळतोय बघा," आदर्श नागराजला म्हणाला.

"त्याला काय सांगताय? घेणार मी हाय."

"व्हय व्हय, मॅडम," असं म्हणून आदर्शने किंमत मात्र पुन्हा सरांनाच सांगितली.

सौम्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर ती अनगोळच्या एका लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती ती या कॅमेऱ्यासाठी. जेवताना, बसमध्ये, नळाला पाणी येईपर्यंत, मिळेल तेव्हा तिने मोबाइलवर कॅमेऱ्यांची माहिती वाचली होती. माइक लावता आला पाहिजे, कमी उजेडात चित्राला दाणे पडता कामा नयेत, बाकी वापरलेला असला तरी चालेल, एवढं तिचं ठरलेलं होतं. नागराजचंही काहीतरी ठरलेलं होतं. लग्नाच्या शूटिंगवाल्याने विकायला ठेवलेलं, खांद्यावर घ्यायचं एक जुनं धूड तो मघापासून कुरवाळत होता.

"कॅमेरा कसा पायजे, लोकांनी बघून वाट द्यायला पायजे," तो म्हणाला. "हे काय, साबणाची वडी घेतल्यागत."

"मला मिरवायचं न्हाय अण्णा, शिनेमा काढायचाय."

तिने वडीच घेतली. पैसे थोडे कमी पडत होते, म्हणून ती किंमत उतरवायला तोंड उघडणार, तोच नागराजने खिशातून नोटा काढल्या. एका चहात दोन कप मागणारा हा माणूस. "असू दे, वरचे मी घालतो," असं तो म्हणाला, तेसुद्धा तिच्याकडे न बघता. सौम्याला आनंद व्हायला हवा होता. तिला संशय आला, आणि आपल्याला संशय यावा असाच हा भाऊ आहे, याचा वर आणखी राग आला.

"उद्या सांजपर्यंत वापरून बघा," आदर्श म्हणाला. "ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे आले तर बदलून देतो."

सिनेमा काढायचा होता तो घरच्याच मागांवर. वडगावातल्या घराच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये चार यंत्रमाग होते. वडील गेल्यावर आई, जयाबाई, दोन माग बघायची आणि कामाला येणारी अंजनीआक्का दोन. नागराज तयार साड्या व्यापाऱ्याकडे पोचवायचा. सौम्याने सिनेमाचं नाव कॅमेऱ्याच्या आधीच ठरवलं होतं, म्हणजे बाळाच्या आधी बारसं. नाव होतं 'आईचे माग'. खोलीच्या भिंतीवर तिने ते मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलं होतं. सुरुवातीला आडवं सूत नेणारा धोटा धावताना दिसेल, मग आईचे हात, मग सूत.

दुकानातून आल्या आल्या ती शेडमध्ये गेली. माग चालू होते. तिने खिडकीच्या कट्ट्यावर कॅमेरा ठेवला, दोघी बायका नीट दिसतील असा वळवला, चालू केला आणि पट्ट्यांचं नंतर बघू म्हणून हातपाय धुवायला निघून गेली. जयाबाईच्या हिशेबात कॅमेरा म्हणजे डोळ्याला लावून कुणीतरी उभं असतं ती वस्तू. कट्ट्यावरच्या वडीला कुणी धरलेलं नव्हतं, त्यामुळे ती तिच्या लेखी बंद होती.

कट्ट्यावरचा कॅमेरा आणि चहाचा कप घेऊन सौम्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली आणि चित्रण बघू लागली. खडखडाटाशिवाय ऐकण्यासारखं काही नव्हतं, तिने आवाज बंदच केला. पट्टे येत नव्हते. अंधाऱ्या कोपऱ्यातली सुताच्या कांड्यांची टोपलीसुद्धा स्वच्छ दिसत होती. तिला इतकं बरं वाटलं की नागराजला माफ करून टाकावं, असंही क्षणभर मनात येऊन गेलं.

मग पडद्यावर आईने अंजनीला हात केला.

माग चालू असताना शेडमध्ये कुणी तोंडाने बोलत नाही, बोलून उपयोगही नसतो. सगळं हातांनी आणि ओठांनी चालतं, आणि मागाच्या घरातल्या पोरांना ही भाषा शाळेच्या आधी येते. आईने चार बोटं दाखवली. मग दोन्ही तळवे तराजूसारखे धरून एक खाली नेला. चार माग, भंगारात. अंजनीने हनुवटी उडवून विचारलं, कधी? आईचे ओठ स्पष्ट दिसत होते: दसरा झाला की. मग तिने अंगठा दाराकडे केला, जिथून सौम्या बाहेर गेली होती, आणि बोट ओठांवर ठेवलं. डोळ्यापुढे मूठ धरून कॅमेरा दाखवला, आणि दोन बोटांवर अंगठा घासून पैसे. अंजनीने हसत कपाळावर हात मारला. आईही हसली. तोंड उघडून, मान मागे टाकून हसली.

सौम्याने ते हसणं पाहिलं, पण तिथे ती थांबली नाही. भावाने खिशातून काढलेल्या नोटा कुठून आल्या, ते तिला आता कळलं. माग विकून मागांचा सिनेमा काढायला कॅमेरा! चहा तिथेच टाकून ती कॅमेऱ्यासकट शेडमध्ये घुसली. नागराज साड्यांच्या घड्या मोजत होता. ती इतकी जोरात ओरडली की मागांच्या खडखडाटातही ऐकू गेलं.

"माग इकलेस व्हय रं?"

नागराजने आधी तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"मी कोण इकणार? मला काय इचारतीस?" तोही ओरडला.

"इसाराचे पैसे घेतलेस आणि माझ्या कॅमेऱ्यात घातलेस! लाज न्हाय वाटली? आईच्या जिवावर उठलास!"

एक माग थांबला. मग दुसरा. अंजनीने मुकाट आपले दोन्ही बंद केले. शेडमध्ये पत्र्यावरचे कावळे ऐकू यायला लागले.

"त्यानं न्हाय इकले," जयाबाई म्हणाली. "मी इकले."

"मला न सांगता?"

"तुला सांगून काय झालं असतं? तू म्हणणार, आई, चार म्हैनं थांब, माझा शिनेमा होऊ दे."

सौम्याच्या तोंडात नेमकं तेच वाक्य होतं.

"भितीवर लिवून ठेवलंयस, आईचे माग, आईचे माग," जयाबाईचा आवाज चढत गेला. "कुणी सांगितलं माझे हायत म्हणून? तुझ्या बाचे हायत. अंगाची हळद निघायच्या आत सासूनं मला इथं हुभं केलं. तवापासनं हुभीच हाय. ह्या कानानं ऐकू येत न्हाय. तुझ्या बारशाच्या दिशी सुद्धा माग बंद ठेवला न्हाय कुणी. आणि तू त्यांची आरती करायला निघालीस व्हय गं? मी आन अंजनी चपात्या लाटून देणार हावो हॉस्टेलच्या पोरांस्नी. बसून लाटणार. बसून!"

सौम्या लाल झाली. सकाळपासून भावावर काढत आलेला राग आता कुणावर काढावा हे तिला कळेना. आपल्यालाच मूर्ख ठरवलं गेलंय, तेही आपल्याच घरात, अंजनीआक्कासमोर, असं तिला वाटलं. आणि आई खोटं बोलत नव्हती, हे त्याहून वाईट होतं.

"मग आधी का न्हाय बोललीस?" ती किंचाळली. "इतकी वर्सं?"

"कुणी इचारलं?"

नागराज साड्यांच्या घड्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. जयाबाईने पदराने तोंड पुसलं. मग तिची नजर सौम्याच्या हातावर गेली.

"चालू हाय व्हय ते?"

"न्हाय."

"चालू कर."

"आई, आता नको."

"आताच कर. दसरा झाल्यावर मला एवढा राग यायचा न्हाय."

सौम्याने बटण दाबलं. पडद्यावर आई वरखाली होत होती. तिने दोन पावलं पुढे येऊन कॅमेरा बंद मागाच्या चौकटीवर टेकवला. चित्र लगेच स्थिर झालं.

"तिथनं उचल," जयाबाई म्हणाली. "त्याचा टेकू नको. हातात धर."

सौम्याने कॅमेरा उचलला. चित्र हलायला लागलं, ते तिने हलू दिलं.