लटारूची तहान

सोमारीनं पाण्याच्या कॅनचं झाकण काढून नाकाशी धरलं. मग घोटभर पिऊनही पाहिलं. पाणीच होतं.

लटारू, तिचा नवरा, ड्यूटीवर जायला बूट चढवत होता. घुग्घुसच्या खाणीत ठेकेदाराचा कोळशाचा डंपर चालवून त्याची कंबर धरली होती. आठवड्यापूर्वी चंद्रपूरला त्यानं मणक्यात सुई घेतली आणि दुखणं पळालं. पण तेव्हापासून माणूसच बदलला. तोंड लालबुंद, रात्री डोळ्याला डोळा नाही, बोललं की अंगावर यायचा. पाच लिटरचा कॅन दुपारच्या आत रिकामा. सोमारीचा बाप दारूनं गेला होता. असं लाल तोंड तिनं लहानपणी रोज पाहिलं होतं.

"कुठी पेता?"

"पाणी पेऊन राह्यलो. तहान लागते." तो उठला आणि त्यानं भिंत धरली.

"चाला दवाखान्यात. सिस्टरच सांगन, पाणी का दारू ते."

स्वाती सिस्टरनं तोंडाचा वास घेतला नाही. बोट टोचलं, मशीनवरचा आकडा पाहिला आणि दुसरं बोट टोचलं.

"चारशे दहा. भाऊ, एवढ्यात कमरेत सुई घेतली का?"

"घेतली."

"त्यात स्टेरॉइड असते. काही दिवस साखर चढते त्यानं. पण एवढी? शुगर आधीपासून आहे का?"

"याह्यले कुठची शुगर!" सोमारी म्हणाली.

लटारूनं टोचलेलं बोट दाबून धरलं. "तीन वर्षं झाले."

"तिथल्या डॉक्टरनं विचारलं नाही?"

"विचारलं. मी नाई म्हटलं. सांगतलं असतं तं सुई देल्ली नसती."

"अन् मले काऊन नाई सांगतलं?" सोमारीचा आवाज चिरकला.

"तू दारू समजली, मी समजू देल्ली. दारू पेणारा डायवर ठेकेदाराले चालते. शुगरवाल्याले तो गाडीवरून उतरवते."

सिस्टरनं चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली. आजच जा, म्हणाली. सोमारीनं ती घडी घालून कमरेला खोचली.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर ठेकेदाराचा मुकादम बिरजू मोटरसायकल थांबवून उभा होता.

"काऊन लटारू, गाडी उभी हाय तुही. बिमार हायेस का?"

लटारूनं तोंड उघडलं. त्याच्या आधी सोमारी पुढं झाली.

"बिमार कायचे! जास्त झाली याह्यले," ती म्हणाली आणि नवऱ्याचा दंड धरून त्याला बस थांब्याकडे घेऊन चालली.