एका गिअरवरचा अबोला

आमच्या घरात भांडण होत नाही. भांडायला निदान एकमेकांशी बोलावं लागतं, आणि तेवढी सवलत आम्ही एकमेकांना देत नाही. आमच्याकडे थेट अबोला होतो. त्यात आम्ही दोघंही पारंगत आहोत, एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा. लेक हॉस्टेलवर गेल्यापासून तर आम्हाला रानच मोकळं मिळालंय.

या वेळचा अबोला मंगळवारी जेवताना सुरू झाला. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांना 'श्वास घ्या, रोखा, सोडा' सांगायचं, हे माझं काम. एका दूरच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलनं मला त्यांच्या एक्स-रे विभागाची प्रमुख म्हणून बोलावलं होतं. सोमवारपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते दारात येऊन उभं होतं, पण ते शहर एवढं लांब की रोज जाऊन-येऊन करणं शक्यच नव्हतं. आणि नवऱ्याचं इथे चष्म्याचं दुकान, सासऱ्यांपासून चालत आलेलं. मी एकटीनं जायचं, की दोघांनी, की कोणीच नाही, एवढाच प्रश्न होता. तो मी जेवताना विचारला. नवऱ्यानं ताटातून मान वर न करता सांगितलं, "तुझं तू बघ."

हा माणूस दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत 'हे बरं की हे? आता हे की मघाचं?' असं विचारत असतो. स्वतःचं मत द्यायची त्याला सवयच राहिलेली नाही. हे मला समजतं. पण मी गिऱ्हाईक नाही. 'जाऊ नकोस' म्हण, 'जा' म्हण, 'मी येतो' म्हण, पण काहीतरी म्हण! मी ताट उचललं आणि तोंडाला कुलूप लावलं. थोड्या वेळानं माझं कुलूप बघून त्यानंही स्वतःचं लावलं.

आता गोची अशी की शनिवारी शर्यत होती. डोंगरातली सायकल शर्यत, उजाडताना सुरू होऊन दिवसभर चालणारी. आम्ही जोडी गटात नाव दिलं होतं, तेही सिंगल स्पीडमध्ये. म्हणजे सायकलला गिअर एकच. चढ असो, सपाटी असो, तोच. शहाणी माणसं चढ आला की अंगठ्यानं टिक करून गिअर हलका करतात. आम्ही सीटवरून उठतो आणि देवाचं नाव घेतो. सपाटीवर शहाणी माणसं गिअर जड करून भुर्रकन निघून जातात. आमचे पाय शिवणयंत्रासारखे फिरत राहतात आणि सायकल आपली रमतगमत चाललेली. हे खूळ नवऱ्याचं. "जितके भाग कमी, तितकी बिघडायची भीती कमी," असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं होतं, कारण तेव्हा आम्ही बोलत होतो.

जोडी गटाचा नियम साधा आहे. प्रत्येक चौकीवर दोघांनी एकत्र पोचायचं. शेवटच्या चौकीवर ठरल्या वेळी रस्त्याला आडवा दोर लावतात, त्यानंतर येणारी जोडी बाद. आजवर दर खेपेला त्या दोरानं आमचं नाक कापलं होतं. यंदा काही झालं तरी दोराच्या आत पोचायचंच, अशी आम्ही शपथ घेतली होती. शपथ मोडायची तर 'जायला नको' असं कोणीतरी म्हणायला हवं, आणि आधी बोलेल तो हरला. म्हणून शनिवारी दोघांनी मुकाट्यानं सायकली गाडीवर चढवल्या.

निघता निघता लेकीचा फोन आला.

"बाबाला विचार, पंप घेतलाय का," मी तिला म्हटलं. बाबा शेजारीच उभा होता.

"आई, तो तिथेच आहे ना?"

"असेल."

"आईला सांग, घेतलाय," नवरा माझ्या हातातल्या फोनकडे वाकून म्हणाला.

"मी काय टेलिफोन एक्सचेंज आहे का?" लेक ओरडली. "आणि डोंगरात काय करणार आहात? एकमेकांना पत्रं टाकणार?" एवढं बोलून तिनं फोन ठेवून दिला.

पहिल्या चौकीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. तिथे गळ्यात शिट्टी अडकवलेला एक धिप्पाड गृहस्थ जोड्या मोजून पुढे सोडत होता. टेबलावर उकडलेले बटाटे आणि मीठ ठेवलेलं होतं.

"यांना विचारा, बटाटा हवाय का," मी शिट्टीवाल्याला म्हटलं.

शिट्टीवाल्यानं आम्हा दोघांमधलं अंतर बघितलं. ते हातभर होतं.

"तुम्हाला बटाटा हवाय का?" त्यानं नवऱ्याला विचारलं.

"त्यांना सांगा, दोन घेतलेत. एक त्यांचा आहे."

"त्यांना सांगा, मीठ लावलेलं नाहीये."

"सांगा, लावतोय."

शिट्टीवाल्यानं चिमूटभर मीठ उचलून स्वतःच दोन्ही बटाट्यांवर टाकलं. "माझंही लग्न झालंय," तो म्हणाला. "निघा आता, मागे गर्दी होतेय."

पुढे मोठा चढ लागला आणि तिथेच घोळ झाला. सिंगल स्पीडवर चढाला हळू जाता येत नाही. हळू झालात की पॅडल अडतं आणि तुम्ही आडवे. जायचं तर जोर लावून, नाहीतर उतरून चालत. मी अंगानं हलकी, त्यामुळे दातओठ खात चढून जाते. नवरा अर्ध्यातून उतरतो आणि सायकल ढकलत येतो. म्हणून चढ संपताना मी नेहमी पुढे असते, आणि एरवी वळण आलं की मागे ओरडून सांगते. यंदा ओरडायचा प्रश्नच नव्हता.

चढ संपला तिथे वाट फुटत होती. शर्यतीची वाट दाखवायला झाडाझुडपांना लाल फिती बांधलेल्या असतात. उजवीकडच्या झुडपाला फीत होती, पण माझ्या डोळ्यांत घाम उतरला होता आणि डोक्यात 'तुझं तू बघ' गरगरत होतं. मी डावीकडे वळले. जरा वेळानं मागून चेनची खरखर ऐकू आली. तोही माझ्यामागे वळला होता.

थोडं पुढे गेल्यावर लक्षात आलं, की फिती कुठेच नाहीत. ना झाडाला, ना खांबाला. पुढेमागे एकही सायकलवाला नाही. वाटेत एक शेळी उभी होती. तिनं आमच्याकडे असं काही बघितलं, की इथून सायकली जात नसतात हे मला स्वच्छ कळलं.

म्हणजे मी चुकले होते. पण वळायचं तर तोंड उघडावं लागणार, आणि उघडून म्हणायचं काय, तर 'माझं चुकलं'! चार दिवसांचा अबोला मोडायचा, तोही माफी मागून? त्यापेक्षा तो बोलेल. त्याचा तर धंदाच डोळ्यांचा. माझ्या डोक्यातला एखादा पांढरा केस याला खोलीच्या त्या टोकाहून दिसतो, मग एवढ्या वाटेवर फीत नाही हे दिसत नसेल? बोलेल. पुढच्या वळणावर नक्की बोलेल.

पुढच्या वळणावर तो खोकला. मला आशा वाटली. पण तो नुसताच खोकला होता.

वाट ओढ्यात उतरली, मीही उतरले. पाणी घोट्यापर्यंत आलं, बुटांत शिरलं. मागे वळून न बघता मी कान टवकारले. आता तरी हा माणूस 'अगं, कुठे चाललीयेस?' म्हणेल! पाण्यात त्याचे बूट डुबुक डुबुक वाजले, आणि तो निमूटपणे माझ्यामागे पलीकडे चढला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा तर अजून सुंभही जळला नव्हता, नुसता भिजला होता. मी पुढे रेटत राहिले.

शेवटी वाटच संपली. समोर बंद पडलेली दगडाची खाण, आणि तिचा उभा कापलेला कडा. इथून पुढे जायला पंख लागले असते. मी ब्रेक दाबला. तो शेजारी येऊन थांबला. दोघांनी मान वर करून कडा नीट बघितला.

"मला माहीत होतं," दोघं एकदम म्हणालो.

"तू आधी बोललास," मी म्हटलं.

"तू बोललीस. मी तोंड उघडेपर्यंत तुझं अर्धं झालं होतं."

"ते राहू दे. माहीत होतं म्हणजे? कधीपासून?"

"फाट्यापासून. फीत उजवीकडे होती. चांगली वीतभर लांब."

"फाट्यापासून!" माझा आवाज कड्यावर आपटून परत आला. चार दिवसांचं साठलेलं सगळं त्या एका शब्दातून बाहेर पडलं. "आणि तू मिठाची गुळणी धरून माझ्यामागे येत राहिलास? ओढ्यातून? बूट भिजवून?"

"तुलाही कळलं होतं ना? मग तू का नाही थांबलीस?"

"ते माझं मी बघेन! तू का नाही सांगितलंस?"

त्यानं चष्मा काढला आणि शर्टाला पुसला. शर्ट चष्म्याहून मळका होता, त्यामुळे चष्मा होता त्याहून धूसर झाला. "मला वाटलं, तुला इकडेच जायचंय," तो म्हणाला. "म्हटलं, जायचंय तर जाऊ दे. आपण मागे राहू. एकटी नको जायला."

राग होताच, पण त्याच्या खालून मायाही वर आली, आणि तिचा मला आणखी राग आला.

"आणि नोकरीचं काय?" मी विचारलं. "तिकडे एकटी जाऊ का मी? सरळ सांग. 'हे बरं की हे' नको."

त्यानं चष्मा चढवला. माझ्याकडे बघितलं, कड्याकडे बघितलं. मग घड्याळाकडे बघितलं.

"आत्ता उलटं फिरलो तर दोराच्या आत पोचू," तो म्हणाला. "चल."

मी कपाळावर हात मारून घेतला, तो हेल्मेटवर बसला.

परतीच्या वाटेवर त्याच्या तोंडाला नळ सुटल्यासारखं झालं. चार दिवसांत दुकानात कोण कोण आलं, एका आजोबांनी कसा एकावर एक असे दोन चष्मे घातले आणि आता छान दिसतंय म्हणाले, न्हाणीघरातला नळ कसा पुन्हा ठिबकायला लागलाय, सगळं सांगून झालं. नको ते सगळं बोलला, हवं ते सोडून. मी उत्तर न देता पाय मारत होते. रागाचा एक फायदा मात्र आहे, माणूस दमत नाही. ओढा, शेळी, फाटा सगळं झपाट्यानं मागे पडलं. फीत खरंच वीतभर लांब होती. दिसणार नाही त्याला चष्मा लागला असं समजावं.

शेवटच्या चढावर तर नवलच झालं. नवरा उतरला नाही. हँडल धरून पॅडलवर उभा राहिला, कण्हत, कुंथत, सगळ्या वाटेला शिव्या घालत चढला. माथ्यावर पोचलो तेव्हा त्याच्या तोंडाला फेस आला होता, पण आम्ही दोघं बरोबर होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

खाली चौकी दिसत होती. दोन माणसं दोराची टोकं धरून रस्त्याच्या दोन कडांना उभी होती, दोर अजून जमिनीवर पडलेला होता. शिट्टीवाला आयोजकांच्या गाडीतून तिथे येऊन पोचला होता. तो आम्हाला बघून दोन्ही हात हलवायला लागला. आता नुसता उतार. उतारावर सिंगल स्पीडला पाय मारून काही उपयोग नसतो, पाय थांबवायचे आणि घरंगळायचं. आम्ही घरंगळायला लागलो, मी पुढे, तो मागे. वारा कानांत घोंघावत होता. चौकी भराभर जवळ येत होती. दोराच्या आत पोचणार हे नक्की होतं.

आणि मागून नवरा काहीतरी म्हणाला.

मी करकचून ब्रेक दाबला. मागचं चाक घसरलं, खडी उडाली. तो माझ्यावर आदळता आदळता राहिला.

"अगं, काय झालं?"

"काय म्हणालास?"

"आधी खाली चल! दोर उचलायला लागलेत!"

"काय म्हणालास?"

खाली शिट्टी वाजली. पुन्हा वाजली, जरा जास्त लांब. नवऱ्यानं एकदा चौकीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग सायकलवरून उतरला.

"म्हटलं, मी येतो," तो म्हणाला. "तिकडे. तुझ्याबरोबर. दुकान बंद करीन, नाहीतर कोणाला तरी चालवायला देईन. तिथे मला कुत्रं ओळखत नाही. या वयात नवं दुकान चालेल की नाही, देव जाणे. त्या दिवशी भीती वाटली म्हणून तसं तोडून बोललो. भीती अजूनही वाटते. पण येतो."

"परत सांग."

"अगं, दोर!"

"परत सांग."

"येतो!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला, की खालची सगळी माणसं वर बघायला लागली. "येतो, येतो, येतो!"

"मग या की!" शिट्टीवाला खालून ओरडला.

पण तोवर वेळ संपली होती. आमच्या डोळ्यांदेखत दोन माणसांनी दोर उचलला आणि खांबांना बांधला. आम्ही उरलेला उतार सायकली हातात धरून चालत उतरलो, कारण माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि वाट दिसत नव्हती. त्याचा एक हात माझ्या पाठीवर होता. दोरापाशी येऊन उभे राहिलो. शिट्टीवाल्याचा चेहरा आमच्यापेक्षा रडवेला झाला होता.

"अहो बाई," तो म्हणाला, "नुसता उतार होता! डोळे मिटून बसला असतात तरी आत आला असतात! मध्येच थांबलात कशाला?"

"हे काहीतरी म्हणाले," मी सांगितलं. "वाऱ्यात ऐकू आलं नाही."

साफ खोटं होतं ते. मला पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं.