भाजवेलीचा नियम

भाजल्यावर औषध द्यावं ते आत्यानेच. पण तिचा नियम होता. भाजवेलीच्या पानांचा पहिला लेप तिच्या हातचा. दुसरा हवा, तर आधी भाजवेलीची फांदी आपल्या दारात लावायची. गल्ली म्हणायची, "बाईच्या हाताला गुण, जिभेला मिरची." आत्याला ते मनापासून आवडायचं.

व्यापाऱ्यांनी डोंगरावरची भाजवेल ओरबाडून संपवली, तेव्हा आत्याने दारातली आपली वेल मुळासकट काढून भाचीला दिली. भाची उद्यानाच्या रोपवाटिकेत कामाला होती, काचघरात वेल सुरक्षित राहणार होती. भाचीने ती तळहातावरच्या फोडासारखी जपली आणि तिथेच घात झाला. फाजील पाण्याने मुळं कुजली.

"आत्या, शेवटची वेल माझ्या हातून गेली गं," भाची रडत आली.

"शेवटची कशी? गावभर वाटलीय मी. डोळे पूस आणि कात्री घे."

बोलली खरी, पण तिला स्वतःलाच खात्री नव्हती. गरज सरो, वैद्य मरो. दुसरा लेप मिळाल्यावर कोण कशाला वेल जपतंय? शिंप्याच्या दारात फरशी घातलेली निघाली. शाळेच्या बाईंची वेल बकरीने खाल्लेली. आत्या भराभर पुढच्या दाराकडे निघाली.

बेकरीच्या मागे मात्र वेल थेट छपरावर चढली होती. कळ्यांनी लगडलेली!

"आता कामगार भाजला की लेप मीच करतो," बेकरीवाला म्हणाला. "पान ठेचायचं, चिरायचं नाही. तुम्हीच ओरडून शिकवलंत."

भाचीने कात्री पुढे केली. त्याने ती मधेच अडवून धरली.

"थांबा. आत्या, तुमच्या दारात वेल आहे?"

"होती. हिला दिली."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान! नियम म्हणजे नियम. पहिली फांदी तुमच्या दारात, मग उद्यानाला हव्या तेवढ्या."

आत्याला असं सुनवायची कुणाची छाती नव्हती. आत्या मात्र निमूट फांदी घेऊन घरी निघाली, आणि बेकरीवाला खात्री करायला मागोमाग आला. तिने दारात माती दाबली. तो कंबरेवर हात ठेवून बघत होता, अगदी तिच्यासारखा.

"नीट दाबा," तो म्हणाला.

आत्याचे डोळे भरून आले. "बघितलंस?" ती भाचीला म्हणाली, "माझ्या हाताखाली शिकलाय."