विचारून सांगतो

“यापुढे मी या जगात कुणालाही काहीही विचारणार नाही,” ऑपरेटरबाईंनी रिक्षात बसल्या बसल्या जाहीर केलं, आणि रिक्षा थांबताच विचारलं, “डावीकडून उतरू की उजवीकडून?”

डावीकडे गटार होतं आणि उजवीकडे वाहतूक. रिक्षावाल्याने दोन्हीकडे पाहून घेतलं आणि “तुमची मर्जी” म्हणाला. बाई आपल्या मर्जीने डावीकडून उतरल्या. स्वातंत्र्याचा पहिला अनुभव घोट्यापर्यंत ओला निघाला.

लॉजच्या तीन पायऱ्या त्या एक पाय झटकत चढल्या. मागून रिक्षावाल्याने बॅग आणून ठेवली. लालभडक, नवी कोरी, सूनबाईने घड्या घालून भरलेली आणि मुलाने स्वतः बंद करून दिलेली. बाईंना टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊनही आता बराच काळ लोटला होता. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्या कानाला यंत्र लावून “बोला, जोडून देते” म्हणत बसल्या होत्या. ज्या गावांना त्यांनी लोक जोडून दिले त्यांतलं एकही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. आता ती सगळी गावं एकेक करून पाहायची, आणि एकटीने पाहायची, असं त्यांनी ठरवलं होतं. हे पहिलं.

“एकटी कशाला?” मुलाने स्टेशनवर सतराव्यांदा विचारलं होतं. “आणि मोबाइल कुठाय तुझा?”

“घरी विसरला.”

“मग परत जाऊन आणतो.”

“मुद्दाम विसरलाय.”

मुलगा हसला होता. ते हसणं बाईंच्या चांगलंच लक्षात होतं. “बघ हं आई, आज संध्याकाळच्या आत कुठून तरी तुझा फोन येतो की नाही. पैज.”

“लाव पैज,” बाई म्हणाल्या होत्या. “आयुष्यभर लोकांचे फोन लावले. आता मला कुणालाच लावायचा नाही.”

काउंटरमागे मॅनेजर बसला होता. शर्टाच्या खिशाला तीन पेनं, तिन्हींची शाई संपलेली. त्याने आधी बाईंकडे पाहिलं, मग बाईंच्या मागे पाहिलं, मग आणखी मागे, रस्त्यापर्यंत पाहिलं.

“सोबत कोण आहे, मावशी?”

“बॅग.”

“तसं नाही. माणूस.”

“मी माणूसच आहे. खिडकीची खोली द्या, रस्त्याच्या बाजूची.”

मॅनेजरने घसा साफ केला आणि डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. “ही वाचली नाही का?”

“तुम्हीच वाचा. नियम तुमचा आहे, तुमच्याच तोंडून ऐकते.”

अशी मागणी त्याच्याकडे आजवर कुणी केली नव्हती. त्याने मान वर करून, शाळेत धडा वाचावा तसं वाचलं. “एकट्या स्त्रीस खोली दिली जाणार नाही. हुकमावरून.”

“कुणाच्या?”

“मालकांच्या.”

“कारण?”

“ते पाटीवर नाही.” मॅनेजर जरा पुढे झुकला. “म्हणजे कसं असतं मावशी, एकटी बाई आली की मागून कुणीतरी शोधत येतं. नवरा, भाऊ, कधी पोलीस. लॉजच्या अब्रूचा प्रश्न असतो.”

“माझ्या मागून कोण येणार? मागे येणारे सगळे पुढे गेले.”

“तरी पण.”

“तरी पण काय? तुमच्या मालकांना विचारा.”

“विचारून सांगतो,” मॅनेजर म्हणाला.

हे त्याचं ठेवणीतलं वाक्य होतं. गरम पाणी येईल का, जास्तीची उशी मिळेल का, जिन्यात अंधार का आहे, या सगळ्याला त्याच्याकडे हे एकच उत्तर होतं. एका प्रवाशाने एकदा त्याला आज वार कोणता ते विचारलं होतं आणि त्यालाही तो सवयीने तेच म्हणाला होता.

“विचारा. मी बसते,” बाई म्हणाल्या आणि समोरच्या सोफ्यावर बसल्या. सोफ्यातल्या स्प्रिंगने तक्रार केली, पण तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

मॅनेजरची अपेक्षा अशी होती की म्हातारी दहा-पंधरा मिनिटं बसेल, पाणी मागेल आणि उठेल. बाईंनी पाणी मागितलं, प्यायलं आणि उठल्या नाहीत. मग त्याने काउंटरवरचा फोन पुढे सरकवला.

“असं करा. तुमच्या मुलाला फोन लावा. तो ‘हो’ म्हणाला की मी माझ्या जबाबदारीवर खोली देतो. मालकांनाही सांगता येईल, मुलाची परवानगी आहे.”

“मुलाची.”

“हो.”

“ज्याला चमचा कुठल्या बाजूने धरायचा ते मी शिकवलं, त्याची चिठ्ठी आणू?”

“चिठ्ठी नको. तोंडी चालेल.”

बाईंनी फोन परत त्याच्याकडे सरकवला. दुपारभरात तो फोन त्या काउंटरवर इतक्या वेळा इकडून तिकडे गेला की लाकडावरची धूळ आपोआप पुसली गेली.

ऊन कलायला लागलं तेव्हा एक फिरता विक्रेता आला. कुकरच्या शिट्ट्या आणि रिंगा विकायचा. त्याने नाव सांगितलं, मॅनेजरने किल्ली दिली, आणि तो दोन पायऱ्या चढलाही.

“हे एकटे नाहीत का?” बाईंनी सोफ्यावरून विचारलं.

“ते पुरुष आहेत.”

“म्हणजे एकटा पुरुष असला की त्याला दोन धरता काय?”

विक्रेता थांबला. प्रकरण समजून घेतलं. माणूस दिलदार होता. पायऱ्या उतरून आला आणि म्हणाला, “अहो, त्यात काय एवढं! मावशी, मी तुमचा मुलगा. घाला माझं नाव सोबत म्हणून. मॅनेजरसाहेब, काय म्हणता?”

मॅनेजरचा चेहरा उजळला. कुणाचंच काही जात नव्हतं, पाटीचा मान राहत होता. त्याने तीनही पेनं एकामागून एक चालवून पाहिली.

“नको,” बाई म्हणाल्या.

“अहो नुसतं सांगण्यापुरतं!”

“मला मुलगा आहे. तेवढा एकच पुरतो. तुम्ही चांगले आहात, पण तुम्ही मला खोली मिळवून दिलीत तर ती तुमची झाली. मला माझी हवीय.”

विक्रेत्याने मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने छताकडे. “निदान पडशी-बिडशी सोडा मावशी, बॅग उघडा, पाय पुसा, चप्पल बदला,” विक्रेता म्हणाला. “ओल्या पायांनी किती बसाल?”

बाईंनी बॅगेवर हात ठेवला.

“ही बॅग उघडेन ती खोलीतच.”

असं त्या इतक्या ठामपणे म्हणाल्या की विक्रेता नकळत एक पाऊल मागे सरकला. जिन्यावरून जाताना भेटेल त्या प्रवाशाला त्याने हे सांगितलं. त्यानंतर लॉजमधली माणसं काही ना काही निमित्त काढून खाली येऊन बाईंना पाहून जाऊ लागली. गावातला मनोरा आणि तळं बघायला आलेली मंडळी होती ती, त्यांना पाहण्याची सवयच होती. एका जोडप्याने तर बाईंच्या समोर उभं राहून आपसांत कुजबुजत माहितीही सांगितली. मधूनच बाई सोफ्यावरून वाकत, बॅगेच्या कडेला बोटं फिरवत आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत. मॅनेजरला ते पाहून कसंतरी व्हायचं. बाई देवाचं नाव घेतायत आणि या सगळ्याचं पाप आपल्या खात्यावर जमा होतंय, अशी त्याची समजूत झाली.

ऊन उतरायच्या सुमारास त्याने बाईंना खाणावळीच्या टेबलाशी बोलावलं. जेवण तोच वाढायचा. त्याने कार्ड पुढे केलं.

“कार्ड राहू द्या. आज खाण्यासारखं काय आहे ते सांगा.”

मॅनेजर विचारात पडला. कार्डावर पदार्थांची दोन पानं होती, पण असा सरळ प्रश्न कुणी केला नव्हता.

“खरं सांगू? उकडलेलं अंडं.”

“का?”

“त्यात आचाऱ्याला काही करता येत नाही.”

बाई मोठ्याने हसल्या. मॅनेजरही हसला आणि आपण हसलो हे लक्षात येताच अंडी आणायला आत गेला.

नेमका तेव्हा काउंटरवरचा फोन वाजला. एकदा, दोनदा. तिसऱ्या घंटीला बाई उठल्या. वाजता फोन तसाच सोडणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं.

“बोला.”

“कोण बोलतंय?” पलीकडून जाड आवाज आला.

“ऑपरेटर.”

 आपल्या लॉजला ऑपरेटर आहे, हे मालकांना नवीन होतं. आवाज थोडा अदबीने म्हणाला, “मॅनेजर आहे का?”

“जोडून देते,” बाई म्हणाल्या, आणि अंड्यांची बशी घेऊन बाहेर आलेल्या मॅनेजरच्या हातात रिसीव्हर दिला. बशी त्यांनी घेतली.

मॅनेजर ताठ उभा राहिला. फोनवरही तो मालकांशी उभं राहूनच बोलायचा.

“हो साहेब... नाही साहेब, ती ऑपरेटर नाही... म्हणजे आहे, पण आपली नाही... साहेब, ते जिन्यातल्या बल्बचं विचारायचं होतं. गेलाय महिनाभर. आणू का एक?”

त्यानंतर जे आलं ते ऐकायला रिसीव्हर कानाला लावायची गरज नव्हती. बल्ब का गेला, कुणी घालवला, गेल्या वर्षी आणलेला इतक्यात कसा गेला, तुला डोकं आहे का, आणि सगळं मलाच विचारायचं असेल तर तुला ठेवलाय कशाला. आणि खबरदार, मला न विचारता काही आणशील तर. बाई टेबलाशी बसून अंडं सोलत होत्या. त्या खाली मान घालून अगदी सावकाश सोलत राहिल्या.

फोन बंद झाला. मॅनेजर तसाच उभा होता.

“खोलीचं विचारलं नाहीत,” बाई म्हणाल्या.

“बल्बचंच एवढं झालं.”

“काय ठरलं बल्बचं?”

“विचारायचं नाही. आणि विचारल्याशिवाय आणायचाही नाही.”

बाईंनी दुसरं अंडं सोललं आणि बशीतल्या बशीत त्याच्या बाजूला सरकवलं. “बसा. खा.”

“मी ड्यूटीवर आहे.”

“कुणाला विचारायचंय का?”

मॅनेजरने अंड्याकडे पाहिलं. मग तो खुर्ची ओढून बसला आणि दोन घासांत ते खाल्लं. मीठ न लावताच. तोंड पुसलं, उठला, काउंटरमागे गेला आणि खिळ्यावरची एक किल्ली काढून बाईंसमोर ठेवली.

“खिडकीची आहे. रस्त्याच्या बाजूची.”

“मालक?”

“त्यांनी विचारायचं नाही असं सांगितलंय.”

“बल्बचं.”

“मी सगळ्याचंच समजलो,” मॅनेजर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. पुन्हा खाली आलेल्या विक्रेत्याकडून एक चालणारं पेन मागून घेऊन त्याने बाईंचं नाव लिहिलं आणि पुढच्या रकान्यापाशी थांबला. “सोबत काय लिहू?”

“एकटी लिहा. ठळक.”

त्याने ठळक लिहिलं. मग स्टुलावर चढून, सहज करावं तसं, आपला ओला पंचा डोक्यावरच्या पाटीवर वाळत घातला.

जिन्यात अंधार होता. विक्रेत्याने बॅग वर नेली, मॅनेजर काडी पेटवून पुढे चालला, आणि वरच्या मजल्यावरचे काही लोक दार किलकिलं करून पाहत उभे होते. बाई कुणाचाही हात न धरता चढल्या. खोलीत गेल्या गेल्या त्यांनी खिडकी उघडली. समोर या गावचं जुनं टेलिफोन ऑफिस होतं, दारं-खिडक्या बंद, एका पायरीवर मांजर. याच इमारतीतून एक पोरगेला आवाज वर्षानुवर्षं त्यांना “नमस्कार, काय म्हणतंय तुमचं गाव?” असं विचारत असे. बाई कठड्याला टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या. “पाहिलं हो तुमचं गाव,” त्या हळूच म्हणाल्या आणि दार आतून लावून घेतलं.

खाली मॅनेजर काउंटरमागे बसला होता. आज आपण काहीतरी केलं आहे असं त्याला वाटत होतं. उद्या सकाळी बल्बही आणावा, इथपर्यंत त्याची मजल गेली होती.

जिन्यात पावलं वाजली. बाई भिंतीला हात लावत खाली आल्या. पायात तीच ओली चप्पल होती, अंगावर तीच प्रवासातली साडी. त्या काउंटरपाशी आल्या, फोनकडे पाहत राहिल्या, आणि मग तो त्यांनी स्वतःहून आपल्याकडे ओढला.

मॅनेजरचा चेहरा पडला. “बाई, आता कशाला? खोली दिली ना मी! कुणाची परवानगी नको म्हणून तर...”

“परवानगी नकोय हो.”

“मग?”

“आकडा हवाय.”

“कसला?”

“बॅगेच्या कुलपाचा. मुलाने घातलाय. त्याचं जन्मसाल झालं, माझं झालं, लग्नाचं झालं, नोकरीला लागले ते झालं. दुपारभर खटके मोजत फिरवून पाहिलं.”

मॅनेजरला ते पुटपुटणं आठवलं.  बाहेर अजून पुरतं अंधारलं नव्हतं, आणि पैज संध्याकाळची होती. बाईंनी एकदा दाराबाहेरच्या त्या उजेडाकडे पाहिलं. मग रिसीव्हर उचलला, फोनच्या बटणांवर वाकल्या, आणखी वाकल्या, मान मागे नेली, आणि सरळ उभ्या राहून आयुष्यभर ऐकलेल्या सुरात म्हणाल्या, “नंबर तोंडपाठ आहे. जरा तुम्हीच जोडून देता का? चष्माही आतच आहे.”