धक्क्यावरचा पाठमोरा

गॅलरीच्या फरशीवर पोस्टकार्डाएवढे छापलेले फोटो मांडले होते आणि गॅलरीवाल्या बाई चपला काढून त्यांच्यामधून चालत होत्या. मध्येच थांबायच्या, पदर सावरून वाकायच्या, आणि एखादा फोटो पायाच्या अंगठ्यानं ओळीबाहेर सरकवायच्या. अंगठा पुढे झाला की फोटोग्राफर नजर दुसरीकडे वळवायचा. दोन वर्षांची भटकंती अशी अंगठ्याखाली जाताना बघणं सोपं नव्हतं. त्याची बायको भिंतीशी उभी राहून मोजपट्टीचं टोक धरून होती. तिला कुणी तसं सांगितलेलं नव्हतं, पण काम करणाऱ्यांच्यात रिकामे हात तिला आवडत नसत.

एका फोटोपाशी बाईंचा पाय थांबला.

"हा," त्या म्हणाल्या. "हा मधोमध लावायचा. चांगला मोठा करून."

धक्क्याच्या टोकाला एक माणूस पाठमोरा उभा होता. खांद्यांवरून जाड ब्लँकेट, मान खाली, टाळूवर केस विरळ. समोर नुसतं धुकं. पाणी कुठं सुरू होतं तेही कळत नव्हतं.

"पन्नाशीचा असेल, नाही?" बाई म्हणाल्या. "सगळं हातचं गेल्यासारखा उभा आहे. तुमच्या बाकीच्या फोटोंत पाठी आहेत. यात माणूस आहे. कुठं सापडला हा?"

"असाच… प्रवासात," तो म्हणाला.

खरं म्हणजे त्याला आठवत नव्हतं. आणि हीच गोष्ट त्याला खटकली. त्याला त्याची प्रत्येक पाठ आठवायची. तिकिटाच्या खिडकीपाशी पोराला काखोटीला मारून उभी असलेली बाई, बाकावर ताठ बसून झोपलेला हमाल, बंद दुकानाच्या पायरीवर एकमेकींना टेकलेल्या दोघी बहिणी. धक्का ओळखीचा होता. मागच्या प्रवासातला, शेवटच्या आठवड्यातला. पण तिथं ती सकाळ धुक्यानं वाया गेली होती आणि धक्क्यावर चिटपाखरूही नव्हतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

मोजपट्टीचं टोक सोडून बायको जवळ आली आणि फोटोकडे बघत राहिली.

घरी गेल्या गेल्या त्यानं कॉम्प्युटर लावला आणि फोटोची मूळ फाइल काढली. कुठल्या कॅमेऱ्यानं फोटो काढलाय ते फाइलवर लिहिलेलं असतं. तिथं खोटं चालत नाही. फोटो छोट्या कॅमेऱ्यातला होता.

छोटा कॅमेरा बायकोच्या गळ्यात असायचा.

एरवी हा गडी पोटासाठी कंपन्यांच्या जाहिरातींकरता कुकर, मिक्सर आणि चपला यांचे फोटो काढायचा. कुकरचं एक बरं असतं, तो लाजत नाही आणि पैसे मागत नाही. चार पैसे गाठीला लागले की तो पिशवी उचलून निघायचा आणि अनोळखी गावांतल्या माणसांचे पाठमोरे फोटो काढायचा. मासिकात एकानं लिहिलं होतं, 'चेहरा नाकारून माणसाच्या गाभ्याकडे जाणारा तरुण.' ते वाचून बायको खुर्चीतून पडेपर्यंत हसली होती. तिला खरं कारण माहीत होतं. अनोळखी माणसाला 'तुमचा फोटो काढू का' असं विचारायची त्याला भीती वाटायची.

ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. लग्नानंतरची पहिली मोठी रजा काढून ती त्या शेवटच्या प्रवासात बरोबर आली. तिनं कंटाळू नये म्हणून त्यानं छोटा कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवला आणि 'तू तिकडं बसून काढ काय काढायचं ते' म्हणाला. परत आल्यावर दोन्ही कॅमेऱ्यांतले फोटो एकाच ठिकाणी ओतले गेले. तिचे बहुतेक त्यानं न बघताच उडवले. हा एक राहिला होता, आणि गॅलरीत न्यायचे फोटो घाईत छापताना त्याच्या फोटोंत मिसळला होता.

त्याच क्षणी सांगून टाकलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. ती आत भाजी चिरत होती. हाक मारायचीच काय ती खोटी. पण तो खुर्चीतून उठला नाही. निवड आपली, छपाई आपली, पाठमोऱ्या माणसांची कल्पनाच मुळात आपली, असं त्यानं मनाशी घोकलं. कॅमेरा तरी कुणाच्या पैशाचा? मग त्यानं फाइल बंद केली आणि आतून आवाज आला तसा दचकला.

"जेवतोस ना?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. त्या दिवसापासून बायकोचं साधं बोलणंही त्याला साधं वाटेना.

"मधला तोच लावणार ना? धक्क्यावरचा?" तिनं जेवताना विचारलं.

"बाईंनी ठरवलंय."

"तुला आवडतो?"

"बरा आहे."

"कोण असेल रे तो माणूस?"

"असेल कुणी. आपल्याला काय करायचंय?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. घास तसाच हातात. "नीट बघितलास का तू तो?"

हे नक्की गळ टाकणं आहे, त्याला वाटलं. हिला सगळं आठवतंय, आणि आपण कबूल करतो का ते ही बघतेय. त्यानं ताटातली चटणी उगीचच बोटानं एका जागी गोळा केली आणि प्रकाशयोजनेबद्दल बोलायला लागला.

पुढचे दिवस असेच गेले. ती फोटोखालच्या पट्टीवर काय लिहिणार ते विचारायची, तो विषय बदलायचा. ती गप्प बसली की त्याला वाटायचं, ही उद्घाटनाच्या दिवसाची वाट बघतेय. चारचौघांत तोंडघशी पाडेल. एकदा तो अचानक गच्चीत गेला तर ती फोनवर हळू आवाजात बोलत होती. "नक्की या हं, तुम्ही आलात की कळेलच त्याला," एवढं त्याच्या कानावर पडलं. त्याला बघून तिनं फोन ठेवला.

"कोण होतं?"

"कुणी नाही. दुकानातलं."

ती आंघोळीला गेल्यावर त्यानं तिचा फोन उचलला. आयुष्यात पहिल्यांदा. शेवटचा फोन त्याच्या आईला होता. त्याची कानशिलं तापली. म्हणजे सासूला साक्षीदार म्हणून आणतेय! सासू-सुनेचं पटतं याचं त्याला आजवर कौतुक होतं. आता तेही कटासारखं दिसायला लागलं.

त्या दुपारी त्यानं छोट्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून पुसून टाकलं, मोठा फोटो छापून झालाच होता म्हणून कॉम्प्युटरवरची मूळ फाइलही पुसली, आणि कॅमेरा स्टुडिओत कुकरांच्या खोक्यांमागे ठेवून दिला. सगळं पाच मिनिटांत उरकलं. हात धुतानाही त्याला आरशात बघवेना. कुणाचं काही चोरायची त्याला सवय नव्हती, आणि घरच्या माणसाचं तर नाहीच नाही.

"छोटा कॅमेरा दिसत नाही रे," ती संध्याकाळी म्हणाली.

"दुरुस्तीला दिलाय."

"काय झालं त्याला?"

"बटण अडकत होतं."

"माझ्या हातात तर नव्हतं अडकत," ती म्हणाली, आणि आत निघून गेली. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

उद्घाटनाला बऱ्यापैकी गर्दी झाली. मधल्या भिंतीवर तो माणूस जवळजवळ पुरुषभर उंचीचा होऊन उभा होता, आणि खाली पट्टीवर फोटोग्राफरचं नाव. लोक बाकीच्या फोटोंवरून नजर फिरवत यायचे आणि इथं थबकायचे. एका तरुणीनं डोळे टिपले. कुणीतरी म्हणालं, बायको गेलेली असणार याची. फोटोग्राफर एका कोपऱ्यात सरबताचा पेला धरून उभा होता आणि नजर दारावर होती.

आई आली. गुडघ्यावर हात ठेवत, सुनेचा दंड धरून, एकेक फोटो बघत आली. "सगळ्यांनी तुझ्याकडं पाठच फिरवलीय की रे," म्हणाली. मग मधल्या भिंतीपाशी पोचली, चष्मा वर सारला, खाली घेतला, आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"अगं बाई! हा असा का उभाय? बरं नव्हतं का याला?"

"कोणाला, आई?" तो पुढं झाला.

"तुला! आणखी कुणाला?"

"आई, हा दुसरा कुणीतरी आहे. प्रवासात…"

"मला शिकवतोस? हे डोकं मी दहा वर्षं तेल लावून चोळलंय. हे बघ." तिनं फोटोतल्या टाळूवर बोट ठेवलं. काचेवर ठसा उमटला. "दोन भोवरे. सगळ्या बायका म्हणायच्या, या पोराची दोन लग्नं होणार. आणि केस बघ किती गेलेत! वडिलांच्या वळणावर गेलास तू, इतक्या लवकर."

आजूबाजूचे हसले. बायको हसली नाही. त्याचा हात आपोआप डोक्यामागं गेला. बोटांना विरळ केस लागले, आणि त्याखाली गार कातडी. इतक्या पाठी बघितल्या, पण ही एक त्यानं कधी बघितली नव्हती; बघणार तरी कशी?

मग ती सकाळ आठवली. धक्क्यासमोरच्या लॉजमधली खोली, बायकोला रात्रभर ताप. धुक्यामुळं उजेड नव्हता, आणि तिच्यामुळं पुढच्या गावची बस चुकली होती. तो धुसफुसत पिशवी आवरत होता तेव्हा ती म्हणाली होती, मी आलेच नसते तर बरं झालं असतं ना? कॅमेरा खाटेवरच टाकून, अंगावर ब्लँकेट ओढून तो बाहेर पडला आणि धक्क्यावर जाऊन उभा राहिला. तिथं त्या वेळी कुणी नव्हतं, हे खरंच होतं. स्वतःला त्यानं हिशेबात धरलंच नव्हतं.

"तुला माहीत होतं," तो बायकोला हळूच म्हणाला.

"काढला मीच, तर माहीत नसणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"रोज तर विचारत होते. कोण आहे, नीट बघितलास का. म्हटलं, ओळखशील." ती फोटोकडे बघत होती. "आईंना म्हणून बोलावलं. त्या तरी ओळखतील."

पुसलेलं कार्ड, खोक्यांमागचा कॅमेरा, तिचा उचललेला फोन, सगळं एकदम अंगावर आलं. इतके दिवस तो ज्या आरोपाला घाबरत होता तो तिच्या मनातही नव्हता.

"खिडकीतून काढला?" त्यानं विचारलं.

"हो. हाका मारल्या मी. तुला ऐकू गेल्या होत्या का, कोण जाणे."

ऐकू गेल्या होत्या. त्यानं मान खाली घातली.

"वळशील असं वाटलं होतं," ती म्हणाली. "म्हणून कॅमेरा धरून उभी राहिले. मला तुझा समोरून हवा होता."

आई गुडघा चोळायला लागली तशी ती "थांबा, खुर्ची आणते" म्हणत गेली. तिच्या जाण्यानं झालेल्या जागेत एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ येऊन उभे राहिले. त्यांनी पट्टीवरचं नाव वाचलं, फोटोग्राफरकडे बघितलं आणि हात पुढं केला.

"तुमचाच ना हा फोटो? मी केव्हापासून बघतोय. असा माणूस सहजासहजी भेटत नाही. तुम्हाला कुठं भेटला?"

त्यानं त्यांचा हात हातात घेतला.

"मला नाही भेटला," तो म्हणाला. "तिला भेटला. फोटो तिचा आहे."

आणि त्यानं हॉलच्या दुसऱ्या टोकाला बोट दाखवलं. तिथं त्यांच्याकडे पाठ करून, वाकून, ती एक अडकून बसलेली घडीची खुर्ची उघडायचा प्रयत्न करत होती. त्यानं तिला हाक मारली. एवढ्या गोंगाटात ती तिला ऐकू गेली नाही, तेव्हा हातातला पेला जमिनीवर ठेवून तो गर्दीतून वाट काढत तिच्याकडे निघाला.