साखरेच्या डब्यातला पेन

मित्रांनो, मी एक जुना पेन आहे. लिहायचा नव्हे, टोचायचा. माझ्या पोटात ॲड्रेनॅलिन होतं. मरणाच्या दारातून माणूस परत आणावा तर आम्हीच!

असा मी शूरवीर, आणि पहिलं वर्षभर साखरेच्या जुन्या डब्यात बिस्किटांशेजारी पडून होतो.

त्याचं असं झालं. बेकरीवाल्या काकांना गांधीलमाशीचं विष भयंकर चढायचं. म्हणून डॉक्टरांनी मला लिहून दिलं. काकूंनी मला इतकं जपून ठेवलं, की त्यांनाच सापडेना.

एका दुपारी भट्टीपाशी काकांना माशी डसली. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला.

"आई, पेन कुठंय?" सूनबाई किंचाळली.

"सुरक्षित जागी ठेवलाय गं!"

"पण कुठल्या?"

"तेच तर आठवत नाहीये!"

काकांना बोलता येईना. त्यांनी फक्त वरच्या फळीवरच्या डब्याकडे बोट दाखवलं. सूनबाईनं डबा उपडा केला आणि मी टुणकन खाली आलो.

काकूंनी मला झडप घालून उचललं, तेही उलटं! सुईच्या टोकावर त्यांचा अंगठा.

"आई, अंगठा काढा! अंगठ्यालाच टोचाल!" सूनबाईनं मला हिसकावलं, टोपी काढली, पायजम्यावरूनच काकांच्या मांडीत दाबलं आणि दहापर्यंत मोजलं. मग रुग्णवाहिकेला फोन केला. शाबास पोरी!

आता माझी करामत ऐका. विषानं रक्तवाहिन्या सैल पडल्या होत्या, त्या मी आवळल्या. रक्तदाब सावरला, सूज उतरू लागली. हृदयाला म्हटलं, चल, जोरात! श्वासनळ्या मात्र आवळल्या होत्या, त्या सैल केल्या. एकच औषध, एकाला आवळतं, दुसऱ्याला सोडतं! आमचं घराणंच तसं. दम्याच्या पंपातला माझा चुलतभाऊ फक्त श्वासनळ्या बघतो, चोंदलेलं नाक मोकळं करणारा दुसरा थेंबांच्या बाटलीत राहतो.

काकांनी डोळे उघडले. काकूंनी डोळे पुसले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "डबा तुम्हाला कसा ठाऊक?"

काकांची नजर सांडलेल्या बिस्किटांकडे गेली.

"म्हणजे साखर वाढलेली असताना माझी बिस्किटं तुम्हीच संपवत होतात!"

"अगं, म्हणून तर वाचलो."

दवाखान्यात त्यांना काही तास थांबवून घेतलं, कारण माझा जोर लवकर ओसरतो. दोन दिवस माझं फार कौतुक झालं. मग मी काउंटरमागच्या कपाटात धूळ खात पडलो. रिकाम्या पेनाला कोण विचारतो?

पण मित्रांनो, एवढं ऐकाच. जपणं म्हणजे लपवणं नव्हे. औषध घरातल्या प्रत्येकाला माहीत असेल अशा जागी ठेवा, त्याची तारीख बघा आणि वापरायचं कसं ते आधीच शिकून घ्या.

काकूंनी हे फार मनावर घेतलं. दवाखान्यातल्या नर्सताईंनी त्यांना एक नवा पेन दिला आणि सरावासाठी सुई नसलेला दुसरा. काकू रोज सकाळी पावासाठी मळलेल्या मैद्याच्या गोळ्याला काकांची मांडी समजून सराव करू लागल्या. पेन सुलटा धरायच्या. मी कपाटातून अभिमानानं बघायचो.

काल सकाळी त्यांनी चुकून नवा पेन घेतला. टोपी काढली, गोळ्यात दाबला, दहापर्यंत मोजलं.

गोळा फुगला नाही.