हाळीचा पऱ्या

“नागरिकांना कळविण्यात येते की,” काशीरामने माइक तोंडाशी धरून नेहमीचा श्वास घेतला, “नगरपालिकेने शहराचा पर्यावरण आराखडा तयार केला असून तो कचेरीत पाहण्यासाठी ठेवला आहे. रस्त्यांच्या कडेला झाडे लावण्यात येतील, सार्वजनिक विहिरी उपसण्यात येतील, तसेच नाला क्रमांक चार बंदिस्त करण्यात येईल. कोणाची हरकत असल्यास शनिवारपर्यंत कळवावी हो ऽऽ.”

शेवटचा ‘हो’ कागदावर नव्हता. तो काशीरामच्या पदरचा. नगरपालिकेची दवंडी तो डफ वाजवून पायी देत असे, तेव्हापासून हा ‘हो’ त्याच्या तोंडी बसलेला. आता डफ कचेरीच्या माळ्यावर गेला होता आणि अकबरच्या रिक्षाच्या टपावर भोंगा आला होता. पण रत्नागिरीतली माणसे अजूनही त्या ‘हो’वरून ओळखायची, की हा काशीराम.

रिक्षा मिरजोळ्याच्या वाटेने हद्दीच्या टोकापर्यंत आली. इथे उतारावर काशीरामचीच वाडी होती. शेजारची विमला ओटीवर सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिने तिथूनच विचारले,

“भावजी, ता पऱ्यावरण म्हंजे काय ता?”

काशीराम अडला. शब्द त्यालाही नवाच होता. कचेरीत दोनदा वाचून घेतला होता, तेवढाच.

“झाडा, पानी, हवा... सगळा आला त्यात.”

“मंग पऱ्यावरनंच काढलेला असंल,” वाडीतल्या ओढ्याकडे हात करून अकबर म्हणाला. “पऱ्या साफ करनार असतील तुमचा.”

“केला तर बरा होईल. नि तो नाला कुठला रे?”

“मच्छी मार्केटच्या मागचा. दुसरा कुठला असनार?”

“झाका मेल्यानू, झाका,” विमला म्हणाली. “नाकाला पदर लावून जावा लागता तिथना. ह्याला कोन हरकत घेनार?”

माइक चालूच होता. विमलाचे बोलणे भोंग्यातून सगळ्या वाडीने ऐकले आणि घराघरांतून हसण्याचे आवाज आले. काशीरामही हसला. रिक्षा वळली.

गुरुवारी सुट्टी होती. गणपतीला आलेले चाकरमानी परत मुंबईला गेले होते, पाऊस ओसरला होता. काशीराम अंघोळीला पऱ्यावर गेला. घरात नळ आला होता, पण सुट्टीची अंघोळ तो पऱ्यावरच करी. वरच्या कातळावरून झिरपून येणारे पाणी वाडीच्या मधून वाहत खाली जाई. अलीकडे कुणब्यांची घरे, पलीकडे दर्यावर्दी मुसलमानांची. दोन्हीकडच्या विहिरी ह्याच पाण्यावर जगत.

काठावर एक जांभा दगड होता, वर सपाट, माणूस उभा राहील एवढा. त्या दगडावर तांबड्या रंगात कोणीतरी लिहिले होते: ना. ४.

काशीरामने ते वाचले. मग खाली पाहिले, तर काठाने ठरावीक अंतरावर खुंट्या ठोकलेल्या. अजून रंगाचा वास येत होता. त्याने पंचा खांद्यावर टाकला आणि तो तसाच दगडाशेजारी बसून राहिला.

हा दगड गोदाचा होता.

काशीरामचे भाताचे खाचर पलीकडच्या काठाला होते. सुट्टीच्या दिवशी तो तिकडे राबत असला, की जेवायच्या वेळेला गोदा ह्या दगडावर उभी राहून त्याला हाळी घाली. नवऱ्याचे नाव कसे घेणार? वाडीतल्या सगळ्याच बायकांची तीच अडचण. म्हणून प्रत्येकीने नुसत्या ‘ओ’ला आपापले वळण दिलेले. कोणाचा ‘ओ’ आखूड, कोणाचा लांब, कोणाचा शेवटी वर चढणारा. गोदाचा ‘ओ’ मध्येच किंचित थांबे आणि मग उतरत जाई, भांड्यातून शेवटचे ताक ओतावे तसा. दोन्ही काठांना कोणाची हाळी कोणासाठी हे पाठ होते. म्हणूनच तो हाळीचा पऱ्या. आजोबांच्या वेळेपासून त्याला तेच नाव.

आणि काशीराम, ज्याच्या आवाजावर सारे शहर चाले, तो पऱ्यावर कधी हाळी घालत नसे. तिथे तो फक्त ओ देई. “आलू गो ऽऽ.”

गोदा जाऊन दोन गणपती झाले होते. ताप साधा वाटला होता. अजूनही खाचरात असला, की ऊन डोक्यावर येताच त्याचा हात थांबे आणि मान आपोआप पऱ्याकडे वळे.

आता ह्या दगडावर सिमेंटची लादी पडणार होती. ती बातमी वाडीला त्यानेच दिली होती, भोंग्यातून, शेवटी ‘हो’ लावून. आणि वाडी हसली होती.

शुक्रवारी सकाळी तो कचेरीत गेला तेव्हा ओव्हरसियर नकाशावर वाकलेला होता. तरुण माणूस, कामाला कडक, मनाने वाईट नव्हे.

“साहेब, नाला नंबर चार म्हंजे आमचा पऱ्या?”

“मिरजोळे रोडला उतारावर आहे तो. हो.”

“तो नाला नाय, साहेब.”

“काशीराम, पाणी वाहतं, साबण वाहतो, कागदकपटा वाहतो. डास होतात. तुम्ही त्याला काय म्हणता त्याने डास कमी होत नाहीत.” त्याने वर पाहिले. “आणि हरकत एकही आली नाही. दवंडी तूच दिलीस ना?”

काशीराम बाहेर पडला.

त्याच दुपारी पुन्हा दवंडीची फेरी होती. कागद तोच. कचेरीचा नियम साधा: कागदावर असेल तेवढे बोलायचे, पदरचे काही घालायचे नाही. इतकी वर्षे काशीरामने पदरचा घातला तो एक ‘हो’ तेवढा. त्या दिवशी शहरभर त्याने कागद वाचला तसाच वाचला. मग वाडीचा उतार लागला.

“थांबव जरा,” तो अकबरला म्हणाला.

“बिघडला काय?”

“नाय. थांबव.”

त्याने माइक धरला. “...तसेच नाला क्रमांक चार,” आणि इथे कागद संपत नव्हता तरी त्याने तो मांडीवर ठेवला, “म्हंजे आपला हाळीचा पऱ्या, हा वरून लादी घालून झाकण्यात येईल. मार्केटचा नाला नव्हं. आपला पऱ्या. कोणाची हरकत असल्यास उद्या कचेरीत यावं हो ऽऽ.”

वाडीत कोणी हसले नाही. विमला सूप हातात घेऊनच अंगणात आली. पलीकडच्या काठावरून ताजबी पदर सावरत उतरली. तिचा भाऊ हुसेन गलबतावर असे, घरात कर्ती तीच.

“पऱ्या झाकनार?” ताजबीने विचारले. तिने आपल्या विहिरीकडे हात केला. “नि आमची बाव?”

“आटंल,” काशीराम म्हणाला.

“मंग परवा हसत काय होतास रे?”

“मनाच ठावूक नव्हता, ताजबी.”

अकबरने हळूच रिक्षा चालू केली. थोडे पुढे गेल्यावर म्हणाला, “काशीरामदादा, नोकरीवर येईल तुझ्या.”

“येईल,” काशीराम म्हणाला.

शनिवारी कचेरीचा व्हरांडा भरला. बहुतेक बायकाच, कारण पुरुष मुंबईत, आखातात नाही तर बोटीवर. आराखड्यासाठी नेमलेल्या समितीच्या अध्यक्ष दमयंतीबाई होत्या. नगरपालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून त्यांचा जन्म गेला होता, आणि समोर माणसे बसली की त्या अजूनही आधी मागच्या रांगेकडे पाहात. त्यांनी सगळ्यांना आत बसवून घेतले.

“कोण बोलणार?”

विमला उठली. “बाय, तुमच्या त्या कामाचा नावच पऱ्यावरण. पऱ्यावरनं नाव काढताव नि पऱ्याच बुजवताव?”

ओव्हरसियरला हसू आले. दमयंतीबाई हसल्या नाहीत.

“शब्द वेगळा आहे, विमलाबाई. पर्यावरण म्हणजे आपल्या सभोवार जे जे आहे ते सगळं.”

“मंग पऱ्या सभोवार नाय काय?”

बाईंनी मान डोलावली. “आहे,” त्या म्हणाल्या. “बसा.”

ओव्हरसियरने नकाशा उलगडला आणि आपली बाजू मांडली. ती खोटी नव्हती. साबण, कचरा, मागच्या वर्षीचा हिवताप, सगळे त्याने सांगितले. मग तो थेट वाडीकडे वळला.

“तुम्ही म्हणता हा नाला नाही, पऱ्या आहे. ठीक. पूर्वी दसऱ्यानंतर तुम्ही सगळे मिळून ह्याला दगडमातीचा बांध घालायचात. पाणी तुंबायचं, विहिरी शिमग्यापर्यंत भरलेल्या राहायच्या. मला कचेरीतल्याच लोकांनी सांगितलं. शेवटचा बांध कधी घातलात?”

विमला पदराशी चाळा करू लागली. नळ आल्यापासून बांधाची गरज कमी झाली होती. माणसेही कमी झाली होती. तरी गोदा होती तोवर ती घराघरात जाऊन सगळ्यांना बाहेर काढी. ‘नळ काय, सरकारचा हाय. पऱ्या आपला हाय,’ असे म्हणे. ती गेल्यावर कोणी कोणाच्या दारात गेले नव्हते.

“दोन वर्सं नाय घातला,” काशीराम कोपऱ्यातून म्हणाला.

ओव्हरसियरने त्याच्याकडे पाहिले. “काशीराम, तू नक्की कोणाचा? पालिकेचा की वाडीचा? कागदाबाहेरचं बोललास काल, मला कळलं.”

“बोललू, साहेब.”

“त्याचं काय ते नंतर बघू,” दमयंतीबाई म्हणाल्या. “पण मला एक सांगा. ऐकणाऱ्याला कळली नाही ती दवंडी दिली असं म्हणायचं का? मी वर्गात धडा वाचला आणि पोरांना काही कळलंच नाही, तर मी शिकवलं असं म्हणेन का?” बाईंनी नकाशा आपल्याकडे ओढला. “चूक माझीसुद्धा आहे. ह्या आराखड्यावर मी सही केली. नंबर वाचले, नावं विचारली नाहीत.”

पुष्कळ बोलणे झाले. शेवटी ठरले ते असे: आराखड्यात जपायच्या जागांची वेगळी यादी होती, तिच्यात हाळीचा पऱ्या नावानिशी घालायचा. कचऱ्याला वरच्या बाजूला पालिका कुंडी ठेवील. पण बांध दोन्ही काठांच्या माणसांनी ह्याच दसऱ्यानंतर घालायचा.

“नाही घातला,” दमयंतीबाई सावकाश म्हणाल्या, “तर मला ह्यांचं म्हणणं मान्य करावं लागेल. जपायचं म्हणजे नुसतं यादीत लिहायचं नव्हे. पटतंय ना?”

बायकांनी माना हलवल्या. परतताना मात्र जो तो दुसऱ्याकडे पाहात होता. बांध घालायला हात लागतात, आणि हात बोलवायला कोणीतरी लागते.

काशीरामला समज देण्यात आली. पुढच्या आठवड्यात दवंडीचा कागद आला, तेव्हा त्यावर दमयंतीबाईंच्या अक्षरात प्रत्येक नंबराच्या पुढे जागेचे नाव होते.

दसरा झाला. रविवारी सकाळी कोवळ्या उन्हात काशीराम फावडे घेऊन पऱ्यावर आला. कोणी नव्हते. पलीकडे ताजबीच्या घरातून धूर निघत होता, अलीकडे विमलाचे दार अर्धे उघडे होते. घराघरांत जायचे त्याने मनात आणले होते, पण त्याला ते जमेना. गोदाने ज्या दारांत उभे राहून माणसे काढली, त्या दारांत जाऊन काय म्हणायचे?

तो दगडावर चढला. पायाखाली ‘ना. ४’चा रंग पावसाने पुसट झाला होता.

त्याने तोंड उघडले आणि पहिल्यांदा घशात आले ते ‘नागरिकांना कळविण्यात येते की’. ते त्याने गिळले. इथे काय म्हणतात ते त्याला माहीत नव्हते. इथे तो नेहमी पलीकडे उभा असे. मग त्याने डोळे मिटले, आणि ऐकून ऐकून जे कानात राहिले होते तेच तोंडातून बाहेर आले. मध्येच किंचित थांबलेला आणि मग उतरत गेलेला एक ‘ओ’.

“ओ ऽऽ... हो ऽऽऽ.”

पाण्यावरून तो पलीकडे गेला. काशीराम दगडावर उभा राहिला. सवयीने तो उत्तराची वाट पाहात नव्हता. उत्तर देणारा तर तोच होता, आणि तो तर इकडे.

पलीकडचे दार उघडले. ताजबी बाहेर आली, हात पिठाचे. तिने आधी दगडाकडे पाहिले.

“मना वाटला...” ती म्हणाली आणि तिने ते वाक्य सोडून दिले. हुसेन कालच गलबतावरून घरी आला होता. ती आत वळून मोठ्याने ओरडली, “ऊठ रे हुसेन, पऱ्यावर बोलवतायत.” आणि पुन्हा पऱ्याकडे तोंड करून, “आलू रे ऽऽ.”

अलीकडून विमला आली. तिच्यामागून सासू, मग आणखी कोणी. त्या हाळीत नाव नव्हते, त्यामुळे ज्याने ऐकली त्याला ती आपलीच वाटली. अकबरसुद्धा रिक्षा रस्त्यावर लावून उतरून आला. “रविवार हाय, भाडा नाय,” म्हणाला आणि त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

वरच्या अंगाने दगड आणायचे आणि हातोहात खाली द्यायचे, ही जुनी रीत. कोणी न सांगता रांग लागली, जो तो आपापल्या जुन्या जागी. वर ताजबी, मधे हुसेन, काठाकडे विमला. काशीराम पाण्यात, बांधाच्या तोंडाशी.

विमलाने दगड पुढे केला. काशीरामचा हात पोहोचेना. त्या दोघांत एका माणसाची जागा मोकळी राहिली होती. तिथे उभी राहून गोदा दगड देताना मुद्दाम पाणी उडवी आणि वर म्हणे, ‘पगारी मानसा, वाक जरा.’

विमलाच्याही ते ध्यानात आले. एक पाऊल खाली सरकली असती, तर रांग सांधली असती. ती सरकली नाही. तिने दगड दोन्ही हातांनी धरून अंग पुढे झुकवले, जमेल तितके. काशीराम वाकला, पाण्यातून लांब हात करून त्याने दगड घेतला आणि बांधावर ठेवला.

मग दुसरा आला. तोही तसाच.